आईच्या जागी बाबा

पवनीच्या मेळाव्याला कोणाला पाठवायचं, याचा विचार सुलोचनाबाईंना फार वेळ करावा लागला नाही. कोंढ्याच्या त्यांच्या प्रौढ शिक्षण वर्गात बाया होत्या सतरा. त्यांतल्या नऊ जणींना सही येत होती आणि सहीच्या पुढे जायची त्यांना काही घाई नव्हती. चौघी वाचायच्या, पण उभं राहून वाच म्हटलं की पदर तोंडात धरायच्या. दोघी धानाचा रोवणा झाला की येतो म्हणून गेल्या होत्या. रोवणा होऊन, धान कापून, मळूनही झालं, त्या काही आल्या नव्हत्या. उरल्या दोघी. पार्वताबाईंचं वाचन चांगलं होतं, पण त्यांचा आवाज शेजारी बसलेल्या बाईलाच ऐकू जाई. धुरपताबाईंनी तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर धानाच्या तिसऱ्या बांधीतला माणूस मान वर करी.

एक्याऐंशी सालचा जानेवारी होता. वरून कागद आला होता की प्रत्येक वर्गातल्या एका नवसाक्षर महिलेनं ‘मी अक्षरं कशी शिकले’ या विषयावर स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत, एका पानात लिहावा आणि मेळाव्यात वाचून दाखवावा. निवडक अनुभवांची पुढे पुस्तिका निघणार होती.

सुलोचनाबाई पवनीच्याच. मॅट्रिक झाल्या, लग्न होऊन कोंढ्यात आल्या आणि समाजमंदिरात दुपारचा हा वर्ग चालवू लागल्या. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं बोलत, ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’ असं. एकदा मात्र भिंतीवरून पडलेला बाराखडीचा तक्ता बकरीनं अर्धा खाल्ला, तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघालं ते अस्सल पवनीचं होतं. त्या दिवसापासून बाया त्यांना आपल्यातल्या समजू लागल्या.

धुरपताबाईंना अंदाज यावा म्हणून बाईंनी फळ्यावर नमुन्याच्या दोन ओळी लिहून दिल्या. ‘मी अज्ञानाच्या अंधारात चाचपडत होते. वर्गात आले आणि ज्ञानाचा दिवा उजळला.’ धुरपताबाईंनी पहिली ओळ वहीत उतरवली आणि पेन्सिल थांबवली.

“बाई, मी कवा चाचपडत होती?” त्यांनी विचारलं. “मी तं दिवसाउजेडी बांधीत होती.”

बाईंनी समजावलं की असं लिहायची पद्धत असते. धुरपताबाईंचं म्हणणं, पद्धत असेल, पण कागदात तर ‘स्वतःचा अनुभव’ असं आहे, आणि ते त्यांनी स्वतः वाचलं होतं. बायांना वाचायला शिकवल्याचा हा एक तोटा सुलोचनाबाईंच्या तेव्हा ध्यानात आला. शेवटी त्या म्हणाल्या की बरं, खरं जे झालं ते लिहा. तिथंच त्या फसल्या.

कारण खरं जे झालं ते लिहायचं तर त्यात भय्याजी येणार होते.

भय्याजी म्हणजे धुरपताबाईंचे यजमान. चौथी पास. त्यांची एकुलती एक मुलगी पंचफुला सातवी शिकलेली. ती पंच्याहत्तर साली लग्न होऊन तुमसरला गेली. जावई तिथं धानाच्या मिलमध्ये होता. पंचफुला गेल्यापासून घरात अक्षर ओळखणारे एकटे भय्याजी उरले आणि त्यांची ऐट वाढली. महिन्याला तुमसरहून एक निळं आंतरदेशीय पत्र येई. ते आलं की भय्याजी हातपाय धुवून बाजेवर बसत, चष्मा पुसत, खाकरत आणि वाचायला घेत. तरुणपणी ते दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, राणीचं काम करायचे. तो राणीचा आवाज त्यांच्या गळ्यात कुठेतरी शिल्लक होता आणि पत्र हातात आलं की तो बाहेर पडे.

पत्रांत बाबांची फार काळजी असे. बाबांना रोज पेलाभर दूध देत जा. बाबांना जड घागर उचलू देऊ नका. बाबांचा गुडघा दुखतो, त्याला रोज तेल लावा. धुरपताबाई चुलीपुढून हे ऐकत आणि उठून दुधाचा पेला भरत. गुडघ्याच्या पत्रानंतर भय्याजी दोन महिने लंगडले. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या. तेल मात्र रोज चोळलं गेलं. ते चोळताना धुरपताबाईंचा स्वतःचा गुडघा ठणकायचा; तीस वर्षं वाकून रोवणा केलेला गुडघा तो. पण त्याबद्दल पत्रात काही नसे.

मुलगी बापाची असते, असं त्या शेजारच्या कौशल्याबाईंना सांगायच्या. वरवर हसून सांगायच्या. आत कुठेतरी लागलेलं असायचं. हीच पंचफुला लहानपणी बापाला दोनदा सांगितल्याशिवाय पाण्याचा लोटा देत नव्हती. नवऱ्याच्या घरी जाऊन तिला बापाचा एवढा पुळका कुठून आला, हे त्यांना कळेना. एका वर्षी तर रागानं त्यांनी तुमसरला सुकवलेली बोरंसुद्धा पाठवली नाहीत.

एकोणऐंशीच्या दिवाळीत भय्याजींनी वाचलं, ‘मंडईच्या दिवसांत बाबांना दंडार पाहायला जाऊ द्या, अडवू नका.’ ते त्याच दुपारी पिशवी घेऊन निघाले आणि तीन गावच्या मंडया, म्हणजे दिवाळीच्या जत्रा, करून चौथ्या दिवशी परत आले. धुरपताबाईंना तेव्हा पहिल्यांदा वास आला. तुमसरला बसलेल्या मुलीला बापाच्या मनातलं नेमकं दिवाळीतच कसं कळलं?

त्यानंतर पंधरा दिवसांनी सुलोचनाबाईंचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी नाव द्यायला गेलेल्या पहिल्या बाईचं नाव धुरपता होतं.

भय्याजींना यात काही धोका दिसला नाही. सही शिकेल, फार तर बसची पाटी वाचेल. दर दोन-चार दिवसांनी ते गमतीनं विचारत, कोणत्या अक्षरापर्यंत आली. गाडी अजून सुरुवातीच्याच अक्षरांत होती. एक दिवस सुलोचनाबाईंनी तक्त्यावरच्या फुलावर छडी ठेवून ‘कमळ’ म्हणायला सांगितलं. सतरा बायांनी एका आवाजात ‘कमर’ म्हटलं. बाई म्हणाल्या कमर नव्हे, कमळ. बाया म्हणाल्या, तेच तं म्हनून राहिलो, कमर. ते दोन गोल डोळ्यांचं अक्षर गावात कोणाच्याच जिभेवर नव्हतं, तर ते तक्त्यावर कशाला ठेवलंय, असं धुरपताबाईंनी विचारलं. घरी हे ऐकून भय्याजी पोट धरून हसले. या गतीनं पत्र वाचायला बायकोला दहा वर्षं लागणार होती.

त्यांचा हिशेब एका ठिकाणी चुकला. वाचनाच्या पुस्तकातला अगदी पहिला शब्द होता ‘आई’. आणि चौथ्या आठवड्यात आला ‘बाबा’.

पाचव्या आठवड्यात, भय्याजी धान पाहायला शेतावर गेलेले असताना, धुरपताबाईंनी लोखंडी पेटीतून सगळ्यात वरचं निळं पत्र काढलं आणि दारातल्या उजेडात बसून ओळीवरून बोट फिरवलं. बाकीची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखीच दिसत होती. पण मुंग्यांमध्ये मधूनमधून ओळखीची माणसं उभी होती. आई. पुन्हा आई. त्यांनी दोनदा मोजलं. आई अकरा वेळा होती. बाबा एकदा होते, अगदी वर, नमस्कारापाशी, तेही आईला चिकटून.

आणि परवाच भय्याजींनी हेच पत्र वाचलं तेव्हा बाबा दर ओळीला आले होते.

धुरपताबाईंनी पत्र होतं तसं घडी करून पेटीत ठेवलं. त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत. दोन शब्दांच्या जोरावर एवढं मोठं भांडण उभं करायला त्या कच्च्या नव्हत्या. दूध त्यांनी चालू ठेवलं, फक्त त्यात पाणी थोडं वाढवलं. आणि वर्ग एक दिवस चुकवला नाही. रोवण्याच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी यायच्या आणि दारात पाय पुसून पाटी घ्यायच्या. श्रावणापर्यंत त्या अडखळत का होईना, सगळं वाचू लागल्या.

मग एका दुपारी त्यांनी पेटी उघडली आणि खालपासून सुरुवात केली. पंचफुलानं पाच वर्षांत लिहिलेलं सगळं एकदम त्यांच्या पुढ्यात आलं. आईला रोज दूध देत जा, ती स्वतःहून घेणार नाही. आईला जड घागर उचलू देऊ नका. आईचा गुडघा दुखतो. मंडईच्या दिवसांत आईला दंडार पाहायला जाऊ द्या, अडवू नका. भय्याजींनी वाक्य एक बदललं नव्हतं, फक्त आईच्या जागी बाबा बसवले होते. ‘ती’च्या जागी ‘ते’ आणि ‘तिला’च्या जागी ‘त्यांना’ हेही ते वाचता वाचता, न अडखळता करत आले होते. चौथी पास माणसाच्या मानानं हे काम सोपं नव्हतं, एवढं त्या कबूल करत. पण ती पत्रं मांडीवर घेऊन त्या दिवस उतरेपर्यंत तिथंच बसल्या होत्या, आणि बोरं न पाठवल्याची त्यांना फार लाज वाटली.

पुढचं पत्र आलं तेव्हा भय्याजी हातपाय धुवायला गेले. परत येतात तो धुरपताबाई बाजेवर बसलेल्या आणि पत्र उघडलेलं. त्या म्हणाल्या की आज मी वाचते. आणि वाचू लागल्या. बाबांनी सकाळी दोन घागरी पाणी आणत जावं. बाबांनी आईच्या गुडघ्याला तेल चोळावं. बाबांनी यंदा आईला मंडईला न्यावं आणि दंडार पुढे बसवून दाखवावी. भय्याजी ऐकत राहिले. यातलं बरंचसं पत्रात नसणार, हे त्यांना कळत होतं. पण तसं म्हणायचं तर आधी पुष्कळ काही कबूल करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घागर उचलली. दिवाळीनंतर दोघं मिळून मंडईला गेले.

तर हे सगळं एका पानात लिहायचं होतं.

धुरपताबाईंनी तीन दुपारी लिहिलं. पहिल्या दुपारी त्यांना वाटलं की सोपं आहे. ही गोष्ट त्यांनी कौशल्याबाईंना कितीदा सांगितली होती. पण सांगताना त्या भय्याजींचा भाग मोठ्यानं सांगत आणि स्वतःचा हळूच, जाता जाता सांगत. कागदावर तसं जमेना. ‘त्याइनं खोटं वाचलं’ ही ओळ जेवढी लांब, ‘मंग मीबी खोटं वाचलं’ ही ओळही तेवढीच लांब. दोन्ही एकाखाली एक उभ्या. त्यांनी आपली ओळ बारीक अक्षरात लिहून पाहिली. ती तर जास्तच डोळ्यात भरली. मग खोडली. खोडल्यावर वाचलं तर गोष्टीत त्या फारच साध्वी निघाल्या, आणि ती बाई त्यांना ओळखू येईना. शेवटी ओळ परत लिहिली.

चार पानं झाली. सुलोचनाबाईंनी ती वाचली, मधेच पदर तोंडाला लावला, आणि मग लाल पेन्सिल काढली. ‘मले’ दिसलं की त्या ‘मला’ करत चालल्या. दुसऱ्या पानावर धुरपताबाईंनी त्यांचा हात धरला.

“लिहिताना ‘मला’ लिहितात, धुरपताबाई,” बाई म्हणाल्या. “पंचफुलापण पत्रात तसंच लिहिते ना?”

“ते शिकली हाय, ते लिवते. पन हे मी बोलून राहिली ना बाई. मी ‘मला’ म्हंटलं तं घरच्याइले वाटन का दुसरीच कोनी बाई बोलून राहिली.”

बाईंनी पुस्तकाची भाषा आणि बोलायची भाषा यांवर थोडं सांगून पाहिलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपणही ‘मले’चं ‘मला’ कोणाकोणासाठी आणि किती वर्षं करत आलो. घरी सासूशी बोलताना त्या स्वतः ‘मले’च म्हणत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पण तीन पानं कमी करा म्हणून बजावलं.

कमी करण्यापूर्वी धुरपताबाईंनी चारही पानं भय्याजींच्या हातात दिली. मेळाव्यात शंभर माणसांपुढे वाचायचं, तर ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी दाखवायला हवं, असं त्यांना वाटलं. शिवाय त्यांना नवऱ्याचं तोंडही पाहायचं होतं.

भय्याजींनी हातपाय धुतले नाहीत, खाकरले नाहीत. मनातल्या मनात वाचलं. तिसऱ्या पानावर थांबले.

“हे तू ‘रडक्या आवाजात वाचत’ असं काहून लिवलं?” ते म्हणाले. “माहा आवाज रडका नाई.”

बाकी कशाला त्यांची हरकत नव्हती. धुरपताबाईंनी ‘रडक्या’ खोडून ‘राणीच्या’ केलं. भय्याजींना ते पटलं. मग ते आपणहून बोलले. पहिल्यांदा ती चूकच झाली होती, ते म्हणाले. चष्मा फुटलेला होता. ‘आईला दूध देत जा’ यातल्या आईचं बाबा झालं. ते सुधारणार, तोच बायकोनं उठून दूध आणून दिलं.

“मंग?” धुरपताबाईंनी विचारलं.

“मंग पुढच्या चिट्ठीत पाहिलं. नमस्काराच्या पुढं माह्यासाठी काईच नवतं. त्याच्या पुढच्या चिट्ठीतबी नवतं.” त्यांनी पानं जुळवून परत दिली. “येवढ्या चिट्ठ्या वाचल्या मी. एकबी माही नवती.”

त्या दिवशी धुरपताबाईंनी दुधात पाणी घातलं नाही.

पान एकच ठेवायचं तर काय ठेवायचं, याचा घोर त्यांना दोन दिवस लागला. नवऱ्याचं हे चिठ्ठ्यांबद्दलचं बोलणं गोष्टीत घातलं असतं तर गोष्ट चांगली झाली असती. शेजारच्या कौशल्याबाई रडल्याच असत्या. पण ते बोलणं त्यांना दिलेलं होतं, शंभर माणसांना नव्हे. त्यांनी ते लिहिलं नाही. त्याऐवजी आयुष्यातलं पहिलं आंतरदेशीय पत्र लिहिलं, तुमसरला. त्यात बोरांबद्दल माफी मागितली आणि शेवटी लिहिलं की बाबाले बी दोन ओळी वेगळ्या लिवत जाजो.

पवनीला मेळाव्यात भय्याजी पुरुषांच्या मागच्या रांगेत बसले होते, नवीन टोपी घालून. धुरपताबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, तरी कोणीतरी तो पुढे ओढला, आणि पहिल्या वाक्याला मंडप दचकला. त्या वाचत गेल्या. अकरा आया आणि एक बाबा या ठिकाणी बायकांची बाजू हसू लागली. लंगड्या पायापाशी पुरुष हसले. ‘मंग मीबी खोटं वाचलं’ ही ओळ आली तेव्हा त्यांचा आवाज किंचित खाली गेला, पण त्यांच्या खाली गेलेल्या आवाजातही ती शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचली. मागून एक माणूस सगळ्यांत जोरात हसला. तो कोण, हे त्यांना न पाहता कळलं. पुढे बसलेल्या पाहुण्यांनी नंतर भाषणात सांगितलं की या भगिनी अज्ञानाच्या अंधारातून बाहेर आल्या. सुलोचनाबाई खाली बघून हसल्या.

तुमसरचं उत्तर फाल्गुनात आलं. दोन पत्रं होती. एकावर भय्याजींचं नाव. ते त्यांनी वाचून दाखवलं नाही, शेतावर नेलं. धुरपताबाईंनी चार दिवस धीर धरला आणि पाचव्या दिवशी त्यांच्या बंडीच्या खिशातून काढून पाहिलं. त्यात म्हैस व्याली का, यंदा धान किती झालं, चष्म्याचा नंबर वाढला का, एवढंच होतं. घडीवर पत्र विरायला आलं होतं.

पावसाळ्यात पुस्तिका आली. वर्गासाठी बारा प्रती. सुलोचनाबाई छत्री न उघडता धावत आल्या आणि पान उघडून धुरपताबाईंच्या पुढे धरलं. धुरपताचं शुद्ध रूप करून नाव छापलं होतं ‘श्रीमती द्रौपदीबाई’. आणि मजकुरात एकही ‘मले’ नव्हतं. राणीचा आवाज नव्हता, अकरा आया नव्हत्या, दोघांचंही खोटं वाचणं नव्हतं. ‘मी अज्ञानाच्या अंधारात चाचपडत होते,’ अशी सुरुवात होती.

“म्या असं नवतं धाडलं वं माय,” सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

धुरपताबाईंनी आपलं पान सावकाश वाचलं. मग पेन्सिल मागितली. दोघी ओसरीवर बसल्या, सहा प्रती हिनं घेतल्या, सहा तिनं, आणि नावापासून दुरुस्ती सुरू केली. जागा पुरेना तसं समासात लिहू लागल्या. भय्याजी बाजेवरून पाहत होते. त्यांनी एक प्रत ओढून घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज चढला.

“‘माझ्या पतीच्या प्रेरणेने मी साक्षर झाले.’” त्यांनी ते आणखी एकदा वाचलं. मग चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. “हे तं खरंच हाय.”

धुरपताबाईंनी ती ओळ पुन्हा वाचून पाहिली. कुठूनही विचार केला तरी ते खरंच होतं. सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अकरा प्रतींत दोघींनी ती ओळ खोडली. बारावी भय्याजींनी दिलीच नाही. ती घेऊन ते गावात दाखवायला गेले, पाऊस थांबायची वाटही न पाहता.